अनुवंश आणि राहणी

वर्गातील स्थूल मुलास ‘खादाड’ म्हणून हिणविले जाते, हे अन्यायाचे आहे. २००७ साली संशोधकांना एफटीओ या जनुकाचा स्थूलतेशी असलेला संबंध आढळला. त्याचे विशिष्ट रूप माता व पिता या दोघांकडूनही लाभलेल्या प्रौढांचे वजन, ते मुळीच न लाभलेल्यांपेक्षा सरासरीने सुमारे ३ किलो अधिक भरते. तथापि अनुवंश म्हणजे ललाटलेख नव्हे. २ लक्षांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून २०११ साली असे दिसून आले की, अंगमेहनत वा व्यायाम करणाऱ्यांत या जनुकामुळे वाढणारा स्थूलतेचा संभव सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. बीज पालटता येत नाही. मशागत पालटता येते. यास्तव अशा मुलाची थट्टा थांबवून त्यास खो-खोच्या मैदानावर सर्वांच्या बरोबरीने उतरविणे, हे शिक्षकाचे कर्तव्य होय.