रात्रीची लाईट, दिवसाची मोटार



रात्री दोनला लाईट यायची. आमचे तात्या डोक्याला मफलर गुंडाळून, एका हातात बॅटरी नि दुसऱ्या हातात खोरं घेऊन गव्हाला दारं धरायला निघायचे. पायाखाली साप असो की विंचू, पाळी चुकवून चालायची नाही. ते परत येईपर्यंत आई जागी. एवढं करून कधी फेज गेलेला, कधी डीपी जळालेली.

तरीही शेजारच्या बांधावर सौर पंप बसला, तेव्हा सर्वात मोठ्यानं हसले ते तात्याच. "ढग आलं की बसली मोटार! आणि पुढं बिल पाठवणार नाहीत कशावरून?"

बिल येत नाही. वीज आपल्याच पॅनेलची. पण ढगाचं म्हणणं खरं आहे, ते झाकून उपयोग नाही. या पंपाला बॅटरी नसते. सकाळी धार बारीक, अकरा ते तीन भरात, आणि दिवस कलला की पुन्हा बारीक. नवा पंप घेऊन जुन्याच सवयीनं पाणी द्यायला गेलं की माणूस वैतागतो. शेवटी तात्यांनीही पंप घेतला, आणि महिनाभर तेही वैतागले. मग त्यांनी पाळीच बदलली. लांबचे वाफे नि ठिबक भर उन्हात, विहिरीजवळची मेथी-कोथिंबीर सकाळच्या बारीक धारेला. पॅनेलवर धूळ नि पाखरांची घाण साचली की पाणी घटतं, हेही त्यांनीच ताडलं. आता म्हशीची धार काढण्याआधी ते पॅनेल पुसतात. दुपारी तापल्या काचेवर गार पाणी ओतू नका, काच तडकू शकते.

असा पंप घ्यायचा तर 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के रक्कम भरावी लागते. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे. तेव्हा पंप बंद पडला की गावातल्या मिस्त्रीकडून खोलून घेऊ नका, आधी तक्रार नोंदवा.

अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5, त्यापुढे साडेसात, असं गणित आहे. साडेसात मिळतोय म्हणून साडेसातच मागायचा, हा आपला स्वभाव. पण उन्हाला पैसे पडत नाहीत म्हणून विहिरीचे झरे काही वाढत नाहीत. फुकटात चालते म्हणून मोटार दिवसभर चालू राहिली तर माघातच तळ दिसेल. मिळू शकतो त्याहून कमी क्षमतेचा पंपही मागता येतो. फॉर्म भरण्याआधी एकदा विहिरीत डोकावा, आणि चैत्रात तिला किती पाणी असतं ते आठवून मगच एचपीचा आकडा लिहा.