रस्ता, घरदार आणि विमा



बाजारात मातीचे मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. आवाज बद्द आला तर "हे नको, दुसरं दाखवा," असे म्हणतो. आंब्याची पेटी घेताना खालचा थर उपसून बघतो. पण ज्या कागदावर आपली गाडी, आपले दुकान, राहते घर, इतकेच नव्हे तर एखाद्या अनोळखी माणसाच्या मुलाबाळांचा घासही अवलंबून आहे, तो विम्याचा कागद मात्र न वाचताच कपाटात टाकतो. "असेल काहीतरी बारीक अक्षरांत," म्हणून मोकळे होतो! हा कागद कसा वाजवून घ्यावा, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

प्रथम गाडीचा विमा घेऊ. त्याचे दोन भाग असतात. एक भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो घ्यावा की न घ्यावा, हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न. दुसरा भाग कायद्याने सक्तीचा आहे. आपल्या देशात ही सक्ती १ जुलै १९४६ पासून सुरू झाली, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ती कायम आहे. या भागाला कागदोपत्री 'तृतीय पक्ष विमा' म्हणतात. आपल्या मराठीत त्याहून चांगला शब्द आहे: तिऱ्हाईत. विमा काढणारे तुम्ही पहिले, विमा कंपनी दुसरी, आणि तुमच्या गाडीखाली जो सापडतो तो तिसरा, तिऱ्हाईत. त्या बिचाऱ्याने ना सही केलेली असते, ना हप्ता भरलेला असतो. तरीही हा विमा खऱ्या अर्थाने त्याचा असतो.

हे नीट ध्यानात घ्या. पुष्कळ लोक म्हणतात, "अहो, माझी स्कूटर दहा वर्षांची जुनी. तिचा कसला विमा काढायचा?" प्रश्न स्कूटरच्या किमतीचा नाहीच मुळी. जुन्या स्कूटरच्या धक्क्यानेही माणूस तितकाच मरतो. समजा, त्या धक्क्याने एखादा चाळिशीचा गवंडी गेला. घरी बायको, दोन मुले, म्हातारी आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई ठरवताना त्याचे वय, त्याची कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहते. तुमची स्कूटर किती जुनी ते पाहत नाही. रक्कम कित्येक लाखांच्या घरात जाते. विमा चालू असेल तर ती कंपनी भरते. विमा संपलेला असेल तर ती तुमच्यावर येते. आणि तुमच्याजवळ नसेल तर? तर हुकूमनामा हातात घेऊन त्या गवंड्याची बायको वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवते. एका विसरलेल्या हप्त्यापायी दोन घरे बुडतात.

तेव्हा पॉलिसीवरची शेवटची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. "उद्या भरतो, तोवर धरून चाला," हे विम्यात चालत नाही. १९३८ च्या विमा कायद्याप्रमाणे हप्ता आगाऊ मिळाल्यावाचून कंपनीला जोखीम पत्करता येत नाही. येथे उधारी नाही. तसेच जुनी गाडी विकत घेतलीत तर चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करून घ्या. ते राहून गेले की स्वतःच्या नुकसानीच्या दाव्याला हटकून अडचण येते.

मात्र विमा हा काही ताईत नव्हे. तो पैसे देतो; गेलेला माणूस परत देत नाही. २०२२ या एकाच वर्षी देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली, म्हणजे दिवसाला साडेचारशेहून अधिक. यातले थोडे गणित आपल्या हातात आहे. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर कापते. समोर मूल आले हे डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच तीन बैलगाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढे अंतर गेलेले असते! आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. हेल्मेट डोक्यावर हवे, कोपरात अडकवलेले नव्हे. आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला हवा. नाहीतर पहिल्या गचक्याला हेल्मेट एकीकडे आणि डोके दुसरीकडे.

आणखी एक गोष्ट, जरा कडूच. "आमचा बाळ्या चौदाव्या वर्षीच गाडी चालवतो हो!" असे कौतुक आपल्याकडे फार. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. शिवाय परवाना नसलेल्याने अपघात केला, तर तिऱ्हाइताला दिलेली भरपाई कंपनी मालकाकडून वसूल करून घेऊ शकते. कौतुकाची किंमत फार जबर पडते.

अपघात झालाच तर आधी माणूस, मग गाडी, मग कागद. ११२ किंवा १०८ ला फोन करा. जखमीला उचलणाऱ्याला "पोलिसांचं झेंगट नको" अशी भीती वाटते. ती आता मनातून काढून टाका. २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण दिले आहे, आणि त्याने आपले नावगाव सांगावे अशी सक्ती करता येत नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेप्रमाणे अपघातग्रस्ताला ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. पैसे नाहीत म्हणून दारात थांबू नका. नंतर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, गाडी हलवण्यापूर्वी फोटो काढा, आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका.

आता घरदाराकडे वळू. योगक्षेम हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. न मिळालेले मिळवणे म्हणजे योग. मिळालेले राखणे म्हणजे क्षेम. आपण योगामागे जन्मभर धावतो आणि क्षेम देवावर सोडतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. एका रात्रीत पिढ्यांची दुकाने चिखलात गेली. त्याआधी २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने तेच पाहिले होते. अशा वेळी पाण्यात उभी राहिलेली मोटार चालू करून पाहू नका, बरं का! इंजिनात पाणी ओढले जाते, आणि ते नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा बसत नाही. गाडी ओढूनच न्यावी.

दुकानदार बंधूंनी एक हिशेब पाहावा. दुकानात माल वीस लाखांचा, पण हप्ता वाचावा म्हणून विमा दहा लाखांचा. आगीत सहा लाखांचा माल गेला. तुम्ही म्हणाल, "दहाचा विमा आहे, सहा तर मिळतीलच!" तसे नाही. निम्म्या मालाचा विमा, म्हणून भरपाईही निम्मी: तीन लाख. घराच्या बाबतीत १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत ही कपात होत नाही. पण तेथेही विमा जमिनीच्या भावाचा नसतो, तेच घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा असतो, हे विसरू नये.

हे सारे समजावून कोणी सांगावे? एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी असतो. विमा-दलाल, म्हणजे ब्रोकर, हा तुमचा. 'दलाल' या शब्दाने बिचकू नका. २००२ च्या नियमांपासून आपल्याकडे ब्रोकरला परवाना लागतो, आणि अनेक कंपन्यांच्या अटी तपासून तुम्हाला सल्ला देणे हे त्याचे काम आहे. गावातल्या ब्रोकरकडे गेलात तर आधी त्याचा परवाना पाहा, मग तीन प्रश्न विचारा: यात काय बसत नाही? दाव्यातले किती पैसे माझ्या पदरचे जातील? आणि दाव्याच्या वेळी तुम्ही माझ्याबरोबर असाल ना? तिसऱ्या प्रश्नाला तो चाचरला, तर खुशाल उठा. स्वस्ताई नंतर पाहावी.

आपणही फॉर्मात खरे तेच लिहावे. खोट्या माहितीवर उभा राहिलेला विमा ऐन वेळी कोसळतो. आणि सारे खरे असूनही दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही, वकिलाची गरज नाही.

आज जेवणे झाली की कपाटातला तो कागद काढा. तारीख, रक्कम, नाव आणि काय बसत नाही, एवढ्या चार गोष्टी घरातल्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवा; कारण गरज पडेल तेव्हा तो कागद शोधण्याची पाळी कदाचित त्यांच्यावर येईल, तुमच्यावर नव्हे.