अमेरिकेंतील राष्ट्रीय वनें व कुरणें : तंबूंतील मुक्काम

सरकारी जंगल म्हटलें कीं महाराष्ट्रांतील माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम पाटी येते आणि मग चौकीदार. परवानगी काढावी, सांगितलेल्या वाटेनें हिंडावें, दिवस मावळण्यापूर्वीं बाहेर पडावें, ही त्याची जंगलाची कल्पना. तेव्हां मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेस गेलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थास जेव्हां तेथील राष्ट्रीय वनांत मुक्कामास नेतात, तेव्हां तो गाडींतून उतरल्यावर साहजिकच दरवाजा शोधूं लागतो. बहुतेक ठिकाणीं दरवाजा नसतोच. मातीचा एक रस्ता झाडींत शिरलेला असतो, आणि कोठें थांबावें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें.

राष्ट्रीय उद्यान आणि राष्ट्रीय वन या दोन गोष्टींची येथें पुष्कळदां गल्लत होते. यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन हीं उद्यानें. निसर्ग होता तसा राखावा आणि लोकांनीं तो येऊन पाहावा, असा त्यांचा हेतु. राष्ट्रीय वनें मात्र १९०५ पासून शेतकी खात्याच्या ताब्यांत आहेत. हें ऐकून प्रथम नवल वाटतें. परंतु वनसेवेचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंशो यांच्या मतें रान हेंही एक परीचें पीकच होतें. तें जपून तोडावें, जपून चारावें आणि पुढच्या पिढीस पुरेल असें राखावें. म्हणून या वनांत लांकूडतोड चालते, गुरें चरतात, नद्यांचें पाणी शहरांकडे नेलें जातें, आणि त्याच भूमीवर कोणीही माणूस आपला तंबू ठोकतो. दीडशेंहून अधिक वनें आणि वीस कुरणें मिळून ही भूमि सुमारें १९ कोटी ३० लाख एकर भरते. तींत महाराष्ट्र अडीच वेळां मावेल.

वनांचें कौतुक सर्वच करतात. कुरणांकडे फारसें कोणी वळत नाहीं. आणि खरी विलक्षण हकीकत आहे ती कुरणांचीच. कॅन्सस संस्थानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत सिमॅरॉन नांवाचें सुमारें १ लाख ८ हजार एकरांचें कुरण आहे. पहिल्या महायुद्धांत गव्हाला भाव आला, तेव्हां या बाजूच्या माळांवर नांगर फिरले आणि पुढें ट्रॅक्टर आले. हजारों वर्षें ज्या आखूड गवताच्या मुळांनीं माती धरून ठेविली होती, तें गवत कांहीं वर्षांत उलथून टाकण्यांत आलें. १९३० नंतर अवर्षण सुरू झालें. पीक गेलें, माती उघडी पडली आणि वारा ती उचलून नेऊं लागला. १४ एप्रिल १९३५ या दिवशीं काळ्या धुळीची एक भिंत या मुलुखावरून अशी गेली कीं भर दिवसा अंधार झाला. तो दिवस रविवार होता. 'काळा रविवार' म्हणूनच तो अद्याप ओळखला जातो. पुष्कळ कुटुंबें घरेंदारें टाकून निघून गेलीं.

त्या ओसाड जमिनी सरकारनें विकत घेतल्या. १९३७ च्या कायद्यानें या कामास जोर आला. जमिनीवर पुन्हां गवत पेरलें. वाऱ्याबरोबर बी उडून जाई, उरलेलें पावसावांचून करपे, तरी पुन्हां पेरीत. १९५४ मध्यें या जमिनी वनसेवेकडे आल्या आणि १९६० मध्यें त्यांस राष्ट्रीय कुरणें हें नांव मिळालें. आज तेथें मुक्कामास जाणारा माणूस ज्या गवतावर अंथरूण पसरतो, तें माणसांनीं मोडून पुन्हां माणसांनींच लावलेलें आहे.

वरवर पाहतां तेथें पाहण्यासारखें कांहींच नाहीं. नदी म्हणावी तर बहुतेक कोरडी वाळू. तिच्या कांठीं कॉटनवुडची झाडें तेवढीं उभीं. त्यांचीं पानें थोड्या वाऱ्यानेंही पिंपळासारखीं सळसळतात. जवळूनच सांता फे या गांवाकडे जाणारा जुना व्यापारी मार्ग गेलेला आहे. १८२१ नंतर त्यावरून मालाचे गाडे जाऊं लागले, आणि त्यांच्या चाकांनीं पडलेल्या चाकोऱ्या गवतांत अजून ओळखूं येतात. रात्रीं कोल्ह्यासारखे कायोटी ओरडतात. पहाटे एखादी गाय तंबूपाशीं येऊन हुंगून जाते. तिला हांकलूं नये. चरण्याचा हक्क तिचाही आहे. वारा मात्र फार. तंबूच्या खुंट्या खोल ठोकाव्या आणि दार वाऱ्याकडे करूं नये.

वनांत वारा कमी, पण इतर पथ्यें अधिक. आंखलेल्या तळांवर नळ, मेज व शौचकूप असतात आणि त्यांबद्दल भाडें द्यावें लागतें. त्यांच्याबाहेर आडरानांत राहण्यास बहुधा कांहींच पडत नाहीं. मात्र पुष्कळ ठिकाणीं चौदा दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं. ओढ्यापासून दोनशें फूट दूर राहावें, त्याचें पाणी उकळल्याविना पिऊं नये, मळ सहा ते आठ इंच खोल पुरावा, आणि केळ्याच्या सालीसुद्धां सर्व केर परत न्यावा. जेथें अस्वलें आहेत तेथें अन्न तंबूंत ठेवणें म्हणजे त्यांस आमंत्रणच. मराठी गृहिणीनें आणखी एक लक्षांत ठेवावें : फोडणीच्या वासाचे कपडे घालून तंबूंत निजूं नये.

परंतु खरें भय अस्वलाचें नाहीं, विस्तवाचें आहे. ८ जून २००२ रोजीं कोलोरॅडोमधील पाईक राष्ट्रीय वनांत आग लागली. त्या दिवसांत शेकोटीस बंदी होती. ही आग लावली ती वनसेवेच्याच एका कर्मचारी स्त्रीनें, आणि तिजकडे काम होतें बंदी मोडून कोणी शेकोटी पेटवीत नाहीं ना हें पाहण्याचें! दगडांच्या कोंडाळ्यांत पेटलेल्या त्या विस्तवानें सुमारें १ लाख ३८ हजार एकर रान आणि शंभराहून अधिक घरें जाळलीं. पुढें पाऊस पडला तेव्हां उघड्या डोंगरांवरची राख व माती वाहून, डेन्व्हर शहरास पाणी पुरविणाऱ्या जलाशयांत शिरली. दरवाजा व पहारेकरी असते तरी ही आग टळली नसती, कारण येथें पहाराच फितूर झाला होता.

म्हणून तळ हलविण्याच्या सकाळीं जाणत्या कुटुंबांत एक काम सर्वांत शेवटीं होतें. तंबू गुंडाळून झालेला असतो, मुलें गाडींत बसण्याची घाई करीत असतात. घरांतील एक माणूस बादली घेऊन शेकोटीपाशीं बसतो. पाणी ओततो, फावड्यानें राख ढवळतो, पुन्हां ओततो. सूं सूं असा आवाज थांबला तरी त्यावर तो विसंबत नाहीं. हाताचा पंजा उलटा करून तो राखेजवळ नेतो आणि मग दगडांखालीं चांचपतो. जराशी ऊब लागली, तर बादली घेऊन पुन्हां पाण्यास जातो.