खोडता येईल तेवढीच खोडी

(गणेशोत्सवाच्या तयारीसाठी भरलेल्या सभेत इंदूरच्या आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीच्या वतीने झालेले भाषण)



गेल्या हिवाळ्यात आपली सहल मांडूला गेली होती. रूपमती मंडपात आपल्यातल्याच एका मुलाने किल्लीने भिंतीवर नाव कोरायला घेतले. तिसऱ्या अक्षरापाशी चौकीदाराने त्याचा हात धरला. आम्ही चार मोठी माणसे धावलो, "जाऊ द्या भाऊसाहेब, पोरगं आहे, गंमत केली" म्हणून हात जोडले आणि त्याला सोडवून आणले. परतीच्या बसमध्ये भेंड्याही रंगल्या. पण आमच्यापैकी काहींना चैन पडेना. मुलगा घरी आला; त्याची अडीच अक्षरे मात्र तिथेच राहिली. ती खरोखर गंमत होती का, हे आज आपण मोकळेपणाने बोलू या.

भिंतीवर कधीच काही न लिहिलेला माणूस या सभागृहात क्वचितच सापडेल. गल्लीतल्या भिंतीवर कोळशाने तीन स्टंप आपणच काढले. वर्गाच्या दारावर खडूने मास्तरांचे चित्र काढले, मार खाल्ला, ओल्या फडक्याने पुसले, प्रकरण मिटले. तेव्हा भिंतीवरची प्रत्येक रेघ गुन्हा, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या शेजारच्या झाबुआ-अलीराजपूरकडे भिल्ल घरांत पिठोऱ्याने अख्खी भिंत भरते. पण तिथे घरधनी स्वतः बोलावतो, मगच रंग लागतो.

आम्हाला वाटते, तीन प्रश्न विचारले की उत्तर सापडते. भिंत कोणाची? लिहिलेले पुसता येते का? आणि ते वाचून कोणाला काय सोसावे लागेल? तिसरा प्रश्न आपण हमखास विसरतो. एखाद्या मुलीचे नाव कोणाच्या तरी नावाशी जोडून खडूने लिहिले, तर पाऊस ते धुऊन टाकेल. पण त्या रस्त्याने जायचे तिने सोडले, ते कसे धुणार? खडू निरुपद्रवी असतो, मजकूर नसतो.

आता कायदा पाहू. दुसऱ्याचे नुकसान होईल हे ठाऊक असताना त्याच्या वस्तूची किंमत किंवा उपयुक्तता कमी करणे, याला भारतीय दंडसंहितेच्या मराठी अनुवादात 'आगळीक' म्हटले आहे. आपल्याकडच्या हिंदी कायद्यात शब्द आहे 'रिष्टि'. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम 324 खाली हा गुन्हा कायम आहे. मध्य प्रदेशात 1994 चा संपत्ती विरूपण निवारण कायदाही आहे. मालकाच्या लेखी परवानगीवाचून, लोकांच्या नजरेस पडणाऱ्या भिंतीवर शाईने, रंगाने, अगदी खडूनेही लिहिले, तर हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संरक्षित स्मारकांची गोष्ट आणखी गंभीर. 1958 च्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. आता स्मारक विद्रूप करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मांडूला आम्ही ज्याला गंमत म्हणालो, ती ही होती.

शिक्षा इतकी कडक का? चुन्याच्या गिलाव्याला चर पडली की तिच्यातून पाणी शिरते आणि आजूबाजूचा गिलावाही सुटू लागतो. दगडावरचा रंग छिद्रांत मुरतो. घासून काढावा तर दगडाचा पापुद्राही जातो. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 या तारखेसह आपले नाव कोरले. शिकारीला आलेला माणूस. त्यालाही ती मौजच वाटली असेल. दोनशे वर्षे उलटली, तरी नाव तिथेच आहे. त्याच्या चाकूखाली गेलेला रंग मात्र कोणालाही परत आणता आलेला नाही.

इथे थोडे आपल्याकडेही बघू. मागे काही वर्षे उत्सवाच्या कार्यक्रमांची जाहिरात आपण गेरूने रंगवत होतो. शाळेच्या कुंपणाची भिंत, कोपऱ्यावरच्या घराची भिंत; मालकाला विचारल्याचे आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही. "देवाचे काम आहे, कोण नाही म्हणणार?" असे आपणच म्हणत होतो. मुलांनी ते पाहिले. मग किल्ली हातात घेणाऱ्या त्या मुलाला एकट्याला काय बोलणार?

म्हणून कार्यकारिणीने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. यंदा जाहिरात फक्त मंडळाच्या फलकावर आणि परवानगी घेतलेल्या जागीच लागेल. मंडळाच्या मागच्या अंगणातली भिंत चुना फासून मुलांना दिली जाईल. त्यांनी उत्सवभर हवे ते काढावे, कोणाची टिंगल तेवढी नको. आणि पुढच्या महिन्यात आम्ही चौघे त्या मुलाला घेऊन मांडूला जाणार आहोत. ती अक्षरे आपण घासायची नाहीत. अडाणी हाताने नुकसान वाढेल, ते काम पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांचे. आम्ही तिथल्या अधिकाऱ्यांना झाले ते सांगू, चौकीदाराची माफी मागू आणि ते जे म्हणतील ते ऐकू. मुलगा यायला तयार आहे. खरे सांगायचे तर आमच्यातल्या दोघांना तयार करायलाच जास्त वेळ लागला.

गणपती बाप्पा मोरया!