बोललेलं कागदावर यायला हवं

(सामुदायिक रेडिओवरून फर्दापूर परिसरातल्या श्रोत्यांसाठी प्रसारित झालेलं भाषण)

स्वयंपाक आटोपला असेल नसेल, रेडिओ जवळ ठेवा आणि दहा मिनिटं ऐका. आज बोलायचं आहे गावाच्या कारभाराबद्दल.

कारभारावर आपण बाया काही कमी बोलत नाही. नळावर बोलतो, कापूस वेचताना बोलतो, रेशनच्या रांगेत बोलतो. पाणी किती दिवसांनी आलं, कुणाचं घरकुल अडलं, अंगणवाडीत खिचडी कशी होती, दारूपायी कुणाच्या घरात काय चाललंय, सगळं आपल्याला ठाऊक असतं. पण हे बोलणं जातं कुठे? बहुतेक वेळा नळावरच राहतं. पाणी भरून झालं की हंड्याबरोबर आपणही घरी येतो.

आता तुम्ही म्हणाल, ताई, म्हणून तर रेडिओ आहे. खरं आहे. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २००६ मध्ये सरकारने सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी दिली. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून बायकांचे प्रश्न त्यांच्याच बोलीत मांडते आहे. पण या रेडिओला मर्यादाही आहेत. आम्हाला स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत, कुठल्या पक्षाचा प्रचार करता येत नाही. पाणी, शाळा, दवाखाना, शेती यांवर मात्र मोकळेपणाने बोलता येतं. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. रेडिओवर कितीही चर्चा झाली तरी रेडिओ ठराव करू शकत नाही. ठराव होतो ग्रामसभेत.

ग्रामसभा म्हणजे सरपंचांची बैठक नव्हे. गावच्या मतदार यादीत ज्यांचं नाव आहे ते सगळे ग्रामसभेचे सदस्य. सून असो, सासू असो, अंगठा उठवणारी असो की कॉलेज शिकलेली, सगळ्यांचा हक्क सारखा. आर्थिक वर्षात निदान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. आणि आपल्या राज्याच्या कायद्याने बायकांसाठी खास सोय केली आहे. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. तिथे फक्त आपण बसायचं, आपले विषय ठरवायचे आणि ते मोठ्या सभेपुढे ठेवायचे.

प्रत्यक्षात पुष्कळ गावांत काय होतं, ते मी सांगायला नको. शिपाई रजिस्टर घेऊन दारात येतो. "काकू, इथं सही करा." काकू पिठाचा हात पुसते आणि सही करते. झाली महिला सभा! ग्रामसभेला गणपूर्ती लागते. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे लोक हजर हवेत. तो आकडा जर दारोदारच्या सह्यांनी भरला, तर आपण न बसलेल्या सभेतल्या ठरावाखाली आपलीच सही राहते. उद्या तक्रार करायला गेलो की तीच सही आपल्याला दाखवली जाते. म्हणून पहिली गोष्ट, घरी आलेल्या रजिस्टरवर सही करायची नाही. "सभेला येते, तिथेच करते," एवढं गोड बोलून सांगायचं.

मग बाया सभेला जात का नाहीत? त्यांना आवड नाही, असं पुरुष मंडळी म्हणतात. मला खरं कारण वेळेचं वाटतं. आपल्याकडचंच बघा. फर्दापूर म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यांचं दार. खाजगी गाड्या टी-पॉइंटला थांबतात आणि तिथून एसटीच्या बसने पुढे चार किलोमीटर जायचं. पर्यटक आले की इथे कुणाचं दुकान चालतं, कुणाला हॉटेलात काम मिळतं. आणि ग्रामसभा कधी ठेवायची वहिवाट आहे? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. म्हणजे सुट्टीचे दिवस, लेण्यांवर गर्दीचे दिवस! त्या दिवशी सभेत बसायचं म्हणजे गल्ल्यावर पाणी सोडायचं. जी शेतात जाते, तिची मजुरी बुडते. हातावर पोट असलेल्या बाईने सभा आणि भाकरी यांत काय निवडावं?

यावर मार्ग आहे. लेणी सोमवारी बंद असतात. महिला सभा सोमवारी ठेवा, अशी मागणी आपण करू शकतो. शेतावर जाणाऱ्यांसाठी ती संध्याकाळी ठेवा, कामावरून आल्यावर. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना वीस-पंचवीस बायांच्या सह्यांचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पोच म्हणजे दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का. तोंडी सांगितलेलं विसरायला सोपं असतं.

आता सभेत गेल्यावर बोलायचं कसं? "आमच्याकडे पाणी येत नाही हो," असं म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बघतो, करतो." त्याऐवजी महिनाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. पाणी आलं त्या तारखेला गोल, किती वेळ टिकलं तेही लिहा. मग उभं राहून सांगा, "आमच्या गल्लीत महिन्यात इतके दिवस पाणी आलं, इतक्या घरांना पुरलं नाही. वॉल्व्ह दुरुस्त करावा, त्याला मुदत ठरवावी, आणि हा ठराव लिहून घ्यावा." आणि पैसे नाहीत असं म्हणाले तर आणखी एक प्रश्न विचारा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या निधीतला साठ टक्के निधी बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखलेला. तो कुठे खर्च झाला? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो कशावर झाला? हे भांडण नाही. घरात आपण किराण्याचा हिशोब मागतो ना, तसाच हा गावचा हिशोब.

सभा संपली की इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा. आपला विषय त्यात आला का, ते ऐका. नसेल आला किंवा दाखवत नसतील, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करून नक्कल मागता येते. उत्तर साधारणपणे तीस दिवसांत द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला ते दहा रुपयेही लागत नाहीत.

काही विषय ग्रामपंचायतीच्या हातात नसतात, हेही खरं. लेणी पुरातत्त्व खात्याकडे, बस एसटी महामंडळाकडे. पण गावातल्या बायकांना त्याचा त्रास होत असेल, तर ग्रामसभा ठराव करून त्या खात्याकडे पाठवू शकते. एकटीच्या अर्जापेक्षा गावाच्या ठरावाला वजन असतं. आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. तिथे विचारायला आपला निवडलेला सदस्य नव्हता. त्या काळातही ग्रामसभा होतीच. तिला मुदत नसते, कारण ती आपण सगळ्या मिळूनच बनते.

न गेल्याने काय होतं, ते दारूबंदीच्या मतदानावरून समजेल. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येतं. उभी बाटली की आडवी बाटली. पण आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, नुसती आलेल्यांपैकी नव्हे. समजा गावात हजार बाया मतदार आहेत. सहाशे आल्या, त्यातल्या चारशे ऐंशी जणींनी आडवी बाटली केली. तरी दुकान चालूच राहतं! ज्या चारशे घरी राहिल्या, त्यांनी काही न करता उभ्या बाटलीला हातभार लावला.

आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात विटनेर नावाचं गाव आहे. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं चांदवडला १९८६ मध्ये मोठं अधिवेशन झालं, आणि पुढे १९८९ मध्ये विटनेरच्या ग्रामपंचायतीत सगळ्याच्या सगळ्या बाया निवडून आल्या. तेव्हा तेहतीस टक्के आरक्षण यायचं होतं. आज महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा आपल्या आहेत. तरी कुठे कुठे सरपंच बाई घरी आणि खुर्चीवर तिचे मालक, असं दिसतं. त्या बाईला नावं ठेवू नका. समोर पन्नास बाया बसलेल्या असल्या की तिलाही बोलायला बळ येतं. मोकळ्या सभेत एकटी बाई काय बोलणार?

तर मैत्रिणींनो, पुढची ग्रामसभा कधी आहे ते उद्याच विचारून या, आणि त्याआधीची महिला सभा कधी आहे, हेही विचारा. बचत गटाच्या बैठकीत एकच विषय ठरवा. दहा नकोत, एकच. कोण बोलणार, कोण लिहून घेणार, लहान लेकरं कोण सांभाळणार, हे वाटून घ्या. आणि तुमचा ठराव झाला की आम्हाला कळवा. त्यावर रेडिओवर बोलू, आणि तो अमलात येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत राहू.