चांदी काळी पडते, खोटी ठरत नाही

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



गौरी-गणपती जवळ आले की कपाटातला डबा उघडतो. बाप्पाचा मुकुट, दूर्वांचा हार, गौरींचे मुखवटे बाहेर निघतात. सगळे काळवंडलेले! मग कोणीतरी म्हणतेच, "चांदीत खोट असणार."

तसे नसते. शुद्ध चांदीही काळी पडते. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी संयोग होऊन तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. रबरबँड आणि लोकरी कापड यांतही गंधक असते. म्हणून चांदी त्यांत गुंडाळू नये.

कारागीर मात्र अशी रसायने कामाला लावतो. आपल्या निपाणीजवळची हुपरी चांदीच्या पैंजणांसाठी नावाजलेली. चांदीला बळकटी यावी म्हणून तिच्यात तांबे मिसळतात. घडवताना नग तापला की वरचे तांबे काळे पडते. सौम्य गंधकाम्लात उकळल्यावर ते विरघळते आणि पृष्ठभागावर जवळजवळ शुद्ध, पांढरीशुभ्र चांदी राहते. उलट 'ऑक्सिडाइज्ड' दागिन्यांत काळेपणा मुद्दाम आणतात. नाव ऑक्सिजनचे, पण काम बहुधा गंधकाचेच! नक्षीच्या खोलगट भागात तो ठेवला की उठाव खुलतो.

आता घरचे पाहू. राखेने किंवा रांगोळीने घासले की काळ्या थराबरोबर चांदीही जाते. दरवर्षी घासून घासून मुखवट्याचे नाक-डोळे बोथट होतात. त्याऐवजी पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल पसरा, गरम पाणी व खाण्याचा सोडा घाला आणि नग फॉइलला टेकेल असा ठेवा. गंधक ॲल्युमिनियमकडे जाते, चांदी जागेवर राहते. मात्र खडे जडवलेले, लाख भरलेले, मुलामा दिलेले किंवा ऑक्सिडाइज्ड नग यात घालू नका.

आणखी एक. "सोने उजळून देतो" म्हणत दारावर येणाऱ्याच्या भांड्यात अम्लराज असू शकते. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या या मिश्रणात सोनेही विरघळते. बांगडी चकाकते, पण वजन घटते, आणि ते सोने त्याच्या भांड्यात राहते. उजळायचे असेल तर ओळखीच्या सराफाकडे जा, डोळ्यांदेखत आधी आणि नंतर वजन करून घ्या.

आजीने दिलेली नक्षी नातसुनेपर्यंत पोहोचायची असेल, तर चकाकीपेक्षा वजन आणि घडण जपा.

गणपती बाप्पा मोरया!