ओझं डोक्यावर नको, कमरेवर घ्या

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही विक्रोळीच्या बायका बोलतोय. विक्रोळी म्हणजे मुंबईत, मध्य रेल्वेवर, घाटकोपर आणि कांजूरमार्ग यांच्या मधलं स्टेशन. पूर्वेला कन्नमवार नगर आणि पुढे खाडी. पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्ग ओलांडून गेलं की पार्कसाइटची टेकडी. आमची घरं त्या टेकडीच्या चढावर आहेत. रिक्षा खालीच थांबते, पुढे पायऱ्या. पाणी, रेशन, पिठाची गोणी, गटाचे पापड-मसाले, सगळं अंगावर वाहून न्यायचं. आमच्यातल्या बहुतेकींचं माहेर गावाकडचं. त्यामुळे मोळी काय, चाऱ्याचा भारा काय आणि डोक्यावर दोन हंडे काय, हे आम्हाला वेगळं सांगायला नको.

आज आपण बोलणार आहोत ते ओझं वाहायच्या साधनाबद्दल. फौजी जवानाच्या पाठीवर असते तशी, बाहेरून धातूची चौकट असलेली सॅक. तुमच्यापैकी कुणाचा भाऊ, नवरा किंवा मुलगा फौजेत असेल तर त्याला ‘पिट्ठू’ हा शब्द माहीत असणार. अशी सॅक बायकांच्या कामाला येते का, आणि घ्यायची तर कशी पारखून घ्यायची, ते सांगतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. महाराष्ट्रात माथाडी आणि हमालांसाठी १९६९ साली कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांनी त्या कामगारांना एकत्र आणलं होतं. शाळेच्या मुलांचा विचार झाला, आणि २०२० च्या दप्तर धोरणात सांगितलं गेलं की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. पण घरचं पाणी, सरपण आणि चारा वाहणाऱ्या बाईच्या ओझ्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. तो आपणच मांडायचा.

चला, मांडू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वीस लिटरचा कॅन भरला की डब्यासकट एकवीस किलोच्या आसपास जातो. बाई पन्नास किलोची असेल तर तिच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त ओझं एका खेपेला. आणि अशा खेपा दिवसाला चार.

आता कुणी म्हणेल, आमच्या आजीनं जन्मभर डोक्यावर वाहिलं, तिला काय झालं? हा प्रश्न बरोबर आहे. केनियातल्या बायकांवर एक अभ्यास झाला होता, तो १९८६ साली छापून आला. सवय असलेल्या त्या बायका आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतचं ओझं सपाटीवर जवळजवळ जास्तीची ताकद न लावता नेत होत्या. म्हणजे डोक्यावर वाहण्याची कला खरी आहे. पण वीस टक्क्यांच्या पुढे गेलं की ताकद लागतेच. आणि डोक्यावरचा सगळा भार मानेच्या मणक्यांतून खाली उतरतो. चढावर, ओल्या पायरीवर, मूल कडेवर असताना तोल सांभाळायला हात मोकळे राहत नाहीत. आजी तक्रार करत नव्हती, याचा अर्थ तिची मान दुखत नव्हती असा होत नाही.

मग भार कुठे घ्यायचा? शरीरातली सगळ्यांत मोठी हाडं कमरेची आणि मांडीची. भार कमरेच्या हाडावर बसला की तो सरळ पायांत उतरतो, खांदे आणि मान मोकळी राहते. चौकटीच्या सॅकचं गुपित एवढंच आहे. चौकट ताठ असते म्हणून ती वरचा भार खाली कमरपट्ट्यापर्यंत पोचवते. चौकट नसलेली पिशवी जड झाली की मध्येच दबते आणि सगळं ओझं खांद्याला लोंबकळतं.

याची एक गोष्ट सांगतात. अमेरिकेत डिक केल्टी नावाचा माणूस मित्राबरोबर डोंगरात हिंडायला गेला होता. पाठीवर लाकडी चौकट होती. चालता चालता त्यांनी चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोवली, आणि खांद्यावरचा भार एकदम हलका झाला. मग केल्टीनं ॲल्युमिनियमची चौकट आणि कमरपट्टा असलेल्या सॅक बनवायला सुरुवात केली, १९५२ साली. त्या सॅक शिवायची कोण? त्याची बायको नीना, घरातच. पुढे १९७३ साली अमेरिकी लष्करानं ‘ॲलिस’ नावाची ॲल्युमिनियमच्या चौकटीची सॅक स्वीकारली. तिची पिशवी काढून ठेवता येते आणि चौकटीला खाली एक फळी जोडता येते. त्या फळीवर पाण्याचा कॅन किंवा पेटी ठेवून बांधायची. आपल्या कामाची खरी चीज ती फळीच आहे.

आता सॅक पारखायची कशी, ते एकेक करून ऐका. वहीत लिहून घेतलं तरी चालेल.

पहिली गोष्ट, आपली पाठ मोजा. फौजी सॅक पुरुषाच्या पाठीच्या मापानं बनते. बाईची पाठ बहुधा आखूड असते. मान खाली घाला. मानेच्या बुंध्याशी जे हाड वर येतं, तिथून टेप धरा. मग दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ जिथे पाठीच्या मध्यावर येते, तिथपर्यंत मोजा. हे तुमच्या पाठीचं माप. हे मैत्रिणीकडून मोजून घ्या, स्वतःचं स्वतःला नीट मोजता येत नाही. आमच्या गटातल्या सगळ्यांत बुटक्या बाईचं माप ३८ सेंटीमीटर भरलं, उंच बाईचं ४६. एवढा फरक असतो. म्हणून गटात एकच सॅक घ्यायची असेल तर खांद्याचे पट्टे चौकटीवर वर-खाली सरकवता येतील अशीच घ्या.

दुसरी गोष्ट, कमरपट्टा. पट्टा नुसती निवार असेल तर सॅक परत ठेवा. तो हातभर लांब, चार बोटं रुंद आणि आतून फोम भरलेला हवा. फोम अंगठ्यानं दाबा. दाबल्यावर लगेच फुगून वर आला तर चांगला, खड्डा तसाच राहिला तर महिनाभरात चपटा होणार. पट्टा पोटावर किंवा नितंबांवर नाही, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. पट्टा हाडावर बसवल्यावर खांद्याचे पट्टे खांद्यापासून वर उचललेले दिसले तर चौकट तुमच्यासाठी लांब आहे. साडी नेसणाऱ्यांनी परकराच्या नाडीची गाठ बाजूला घ्यावी. गाठीवर पट्टा घट्ट बसला तर कातडी सोलते.

तिसरी गोष्ट, चौकट. ॲल्युमिनियम हलकं आणि गंजत नाही. लोखंड स्वस्त, पण जड, आणि खालच्या कोपऱ्यात आधी गंजतं. चौकट जमिनीवर उभी करा, दोन्ही हातांनी पिळून बघा. कुरकुरली किंवा हलली तर नको. जोड सगळीकडून बघा. वेल्डिंग पाइपाच्या चहूबाजूंनी भरलेलं हवं, नुसते दोन ठिपके नकोत. पाइपांची तोंडं टोपणानं बंद हवीत, नाहीतर ती कापडही फाडतात आणि अंगालाही लागतात. चौकट आणि पाठ यांच्यात जाळी किंवा ताणलेली पट्टी असली की मधून वारा खेळतो. आपल्याकडच्या उन्हात हे फार उपयोगी पडतं.

चौथी गोष्ट, कापड आणि शिलाई. नायलॉनच्या कापडावर ‘डेनिअर’ असा आकडा असतो. आकडा जितका मोठा तितका धागा जाड. जड ओझ्याला ५०० च्या खाली जाऊ नका, १००० असेल तर उत्तम. पण कापडाआधी शिलाई तुटते. आम्ही एका दुकानातून आणलेली सॅक तिसऱ्याच आठवड्यात खांद्याच्या पट्ट्यापाशी उसवली. कापड धडधाकट होतं, पण पट्टा एकाच सरळ शिलाईवर टांगलेला होता. म्हणून पट्टा जिथे जोडलाय तिथे बघा. शिलाई चौकोनी आणि मध्ये फुली मारलेली हवी, किंवा पुढे-मागे दाट टाके घातलेले हवेत. पट्टा धरून जोरात ओढा. दुकानदार रागावला तर रागावू द्या.

पाचवी गोष्ट, दुरुस्ती. टिकाऊ म्हणजे कधीच न तुटणारी नव्हे. तुटली तर गावातल्या शिंप्याला, मोच्याला किंवा वेल्डिंगवाल्याला जोडता येईल ती टिकाऊ. चेनपेक्षा वरून दोरीनं आवळायचं तोंड आणि त्यावर झाकण बरं. चेन बिघडली की सॅक घरी पडते. बक्कल मात्र एका हातानं झटकन सुटणारं हवं. पाय घसरला तर ओझं सोडून देता आलं पाहिजे. पायरीवर ओझं वाचवायचं नसतं, आपण वाचायचं असतं.

आणि नक्षीच्या मागे लागू नका. लष्करानं २०२२ साली जवानांचा नवा गणवेश आणला, त्याची नक्षी लष्करानं आपल्या नावावर नोंदवली आहे. फौजी ठिपके छापलेली प्रत्येक पिशवी फौजी दर्जाची नसते. साध्या हिरव्या किंवा काळ्या रंगाची, पण शिलाई पक्की असलेली सॅक घ्या.

किंमतीचा हिशेब असा करा. समजा आठशे रुपयांची सॅक सहा महिन्यांत फाटली, तर महिन्याला १३३ रुपये पडले. तीन हजारांची पाच वर्षं चालली, तर महिन्याला ५० रुपये. एकटीला जड जात असेल तर गटातून एक घ्या आणि पाळीनं वापरा. गावात चांगला वेल्डिंगवाला आणि गटात शिवणकाम करणाऱ्या बायका असतील तर नमुना समोर ठेवून घरीही बनवता येईल. नीना केल्टीनं घरातच शिवल्या होत्या. मात्र रिकामी सॅक तीन किलोच्या वर जाऊ देऊ नका. तेही ओझंच आहे.

विकत घेण्याआधी दुकानातच दहा किलोचं काहीतरी आत भरून पंधरा मिनिटं चाला, जिना चढा-उतरा. घालताना आधी सॅक कट्ट्यावर ठेवा, जमिनीवरून हिसका देऊन उचलू नका. कमरपट्टा आधी आवळा, मग खांद्याचे पट्टे. शेवटी खांदा आणि पट्टा यांच्यात बोटं सहज सरकली पाहिजेत. सरकली तर भार कमरेवर आलाय. जड वस्तू पाठीला चिकटून ठेवा, हलक्या बाहेरच्या बाजूला. पाण्याचा मोठा कॅन अर्धा भरू नका, आत पाणी हिंदकळतं आणि तोल जातो. त्यापेक्षा दहा लिटरचा कॅन काठोकाठ भरा.

अडचणीही सांगतो. चौकटीची सॅक गर्दीत दुसऱ्याला लागते. लोकलनं माल नेताना आम्ही लगेजच्या डब्यात चढतो. दाट झुडपांतल्या पायवाटेवर ती काटक्यांत अडकते. आणि गरोदर बाईनं, नुकत्याच बाळंत झालेल्या बाईनं, अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या बाईनं ती अजिबात घेऊ नये. पाठीतून पायात कळ जात असेल तर आधी डॉक्टरांकडे जा.

सगळ्यांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. सॅक आली की घरचे म्हणतात, आता सोपं झालं, आणखी पाच किलो घे. तिथे ठाम राहायचं. रोजच्या कामाला आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत, फार तर चौथ्या हिश्श्यापर्यंत. पन्नास किलोच्या बाईला दहा ते साडेबारा किलो, सॅकच्या वजनासकट. त्याच्यावर गेलं तर दुसरी खेप करायची, किंवा दुसऱ्या माणसानं उचलायचं.

दुसऱ्या माणसावरून आठवलं. सुरुवातीला आम्हाला टोमणे ऐकावे लागले, “लढाईला निघालात का?” आम्ही हसून पुढे गेलो. मग एक गंमत झाली. डोक्यावर हंडा घ्यायला ज्या पुरुषांना लाज वाटायची, त्यांना पाठीवर सॅक घ्यायला वाटत नव्हती. आमच्यातल्या दोन घरांत आता सकाळचं पाणी मुलगे आणतात. पट्टे सरकवले की तीच सॅक त्यांच्याही पाठीला बसते.

नळ दारात यावा, हे आपलं मागणं कायम आहे. सॅक त्याच्याऐवजी नाही. नळ येईपर्यंत पाठ टिकली पाहिजे म्हणून ती आहे.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत दोन कामं करा. एक वजनकाटा आणा आणि प्रत्येकीचं वजन आणि तिच्या रोजच्या ओझ्याचं वजन शेजारी शेजारी लिहा. आणि टेप आणून एकमेकींच्या पाठी मोजा. ते आकडे वहीत आले की सॅक कुठली घ्यायची, आणि घरात काय बोलायचं, हे तुम्हीच ठरवाल.